बस येण्याआधीची बातमी

सकाळचा चहा पिता पिता मी मोबाईल उघडला. जिल्ह्यातल्या जुन्या आठवणींचा एक व्हॉट्सअ‍ॅप गट आहे, त्यावर कोणीतरी वर्तमानपत्राचं पिवळं पडलेलं कात्रण टाकलं होतं. अंबडच्या पुढच्या एका गावात पहिली एसटी बस आली आणि सरपंचांच्या हस्ते नारळ फोडून, वाजतगाजत तिचं स्वागत झालं, अशी बातमी. खाली लहान अक्षरांत 'आमच्या वार्ताहराकडून'. तो वार्ताहर मी.

बायकोने माझ्या तोंडाकडे पाहिलं. "कोण गेलं?"

आमच्या वयात मोबाईल बघून माणूस गप्प झाला की हाच प्रश्न येतो.

"कोणी न्हाई गेलं. माझी जुनी बातमी आली."

"मंग चेहरा असा कामून करून राह्यले? खुश व्हा की."

कात्रणाखाली लिहिलं होतं की गावात नवा बसथांबा बांधून झाला आहे, त्यावर कोनशिला बसणार आहे आणि गावात बस आणणाऱ्या दिवंगत सरपंचांचं नाव तिच्यावर कोरलं आहे. त्याच्याही खाली एका बाईने लिहिलं होतं, 'हे खरं नाही. त्या दिवशी सरपंच गावात नव्हते. बस माझ्या आईने आणली. मी त्या बसमध्ये बसून घरी आले आहे.' तिला उत्तरं आली होती. 'ताई, पेपरमध्ये स्पष्ट छापलंय.' 'पुरावा असेल तर बोला.' दोन-तीन हसरे चेहरे. एकाने हात जोडले होते.

ती बाई खरं सांगत होती आणि तिच्याविरुद्धचा पुरावा मी लिहिलेला होता. बस गावात पोचायच्या आधी लिहिलेला.

मी कोणाचं नाव देणार नाही, गावाचंही नाही. नाव दिलं की लोक नावावरून भांडतात आणि मूळ गोष्ट बाजूला राहते. पण जे घडलं ते सांगणार आहे. इतकी वर्षं टाळलं, आता टाळणार नाही.

तेव्हा बातमी कशी जायची, ते आधी सांगतो. आमचं वर्तमानपत्र औरंगाबादला, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरला, छापलं जाई. मी जालन्याचा वार्ताहर. नवीन जालन्यात स्टेशनच्या रस्त्याला, एका बियाणांच्या दुकानावरच्या खोलीत माझं टेबल होतं. बातम्या हाताने लिहायच्या, पाकिटात घालायच्या, पाकिटावर वर्तमानपत्राचं नाव ठळक लिहायचं आणि दुपारच्या बसच्या कंडक्टरच्या हातात द्यायचं. तिकडे बसस्थानकावर कार्यालयाचा माणूस येऊन ते घेऊन जायचा. दुपारचं पाकीट चुकलं तर बातमी एक दिवस शिळी. फोन होता, पण ट्रंककॉल लागता लागता संध्याकाळ व्हायची, आणि लागला तरी पलीकडच्याला ओरडून सांगितलेलं अर्धंच कळायचं. पुढे फॅक्स आला, मग संगणक आला, आणि आता तर बातमी खिशातच असते. पण त्या काळात आमचा सगळा धंदा त्या कंडक्टरच्या चामडी पिशवीवर चालायचा.

त्यामुळे दुपारनंतरच्या कार्यक्रमांच्या बातम्या आम्ही सकाळीच लिहून ठेवायचो. सगळेच वार्ताहर हे करायचे, कोणाला त्यात काही वाटत नव्हतं. निमंत्रणपत्रिका समोर ठेवायची, तिच्यावरची नावं उतरवायची आणि शेवटी 'उत्साहात संपन्न झाला' असं लिहायचं. पाहुणे आले की नाही, पाऊस पडला की काय, माईक चालला का, याची चौकशी नंतर. सगळं पत्रिकेप्रमाणेच होतं, असा आमचा अनुभव होता. न झालेल्या भाषणांचा सारांशसुद्धा मी लिहिलेला आहे.

आता टीव्हीवर आणि मोबाईलवर घटना घडता घडता बातमी फिरते, कधी कधी घडायच्या आधीच फिरते, म्हणून आम्ही म्हातारे नाकं मुरडतो. आमच्या वेळी असं नव्हतं, असं मीही चारचौघांत म्हणालो आहे. आमच्या वेळीही असंच होतं. फक्त आमची चूक दुसऱ्या दिवशी सकाळी दारात पडायची आणि तिच्याखाली उत्तर लिहायला जागा नसायची.

त्या दिवशी शुक्रवार होता. गावात बस दुपारी येणार होती. मी सकाळी निघालो असतो तर पोचलो असतो आणि पाकीट दुसऱ्या दिवशीच्या बसला दिलं असतं. पण शुक्रवारी टॉकीजला नवा सिनेमा लागायचा आणि वार्ताहर म्हणून दारावरचा माणूस मला तिकीट न विचारता आत सोडायचा. त्या सोडण्याची मला मोठी ऐट होती. पत्रिका टेबलावर होती, 'सरपंच यांच्या शुभहस्ते' असं तिच्यावर छापलेलं होतं. मी बातमी लिहिली, पाकीट कंडक्टरला दिलं आणि बाल्कनीत जाऊन बसलो.

सिनेमा वाईट होता. जुळ्या भावांचा होता. मध्येच रीळ तुटलं, लोकांनी शिट्ट्या मारल्या, पुढच्या रांगेतल्या कोणीतरी गुळाची पापडी वाटली. एवढंच आठवतं. आता माझी बायको स्वयंपाक करता करता मोबाईलवर सिनेमा बघते, आज थोडा, उद्या थोडा, आणि नावडला तर मध्येच बंद करते. आम्हाला ती सोय नव्हती. एकदा अंधारात बसलो की पडद्यावर जे येईल ते शेवटपर्यंत बघायचं. मी बघत बसलो आणि तेवढ्या वेळात तिकडे गावात जे झालं ते पत्रिकेत नव्हतं.

बातमी छापून आली आणि काही दिवसांनी एक बाई माझ्या खोलीवर आली. तिशी-पस्तिशीची, उन्हाने काळवंडलेली, हातात घडी घातलेला पेपर.

"वार्ताहर साहेब कोणते?"

"मीच. बसा बाई."

ती बसली नाही. "ही बातमी तुम्ही लिव्हली?"

"हौ."

"तुम्ही आल्ते का त्या दिवशी गावात?"

मी म्हणालो, "बातमी आमच्याकडं बराबर आलेली असते, बाई."

"इच्यात सरपंच हायत, बँड हाय, गावकरी हायत. मंग आम्ही कुठं गेल्तो?"

ती बोलत होती तेव्हा मी ट्रंककॉलची वाट बघत होतो. कान फोनकडे होता. सरपंचांनी काही केलं नाही, आपण केलं, असं काहीसं ती म्हणत होती. कोणाला तरी आपलं नाव पेपरात हवंय, अशी माझी समजूत झाली. असे लोक रोज यायचे. "खुलासा पाठवतो," असं मी तिला सांगितलं. ती गेली.

खुलासा मी पाठवला नाही. पाठवला असता तर संपादकांनी पहिला प्रश्न विचारला असता की तू तिथे होतास ना? आणि मग टॉकीजचं दार, बसस्थानकावर मिळणारा नमस्कार, सभेतली पुढची खुर्ची, सगळं गेलं असतं.

ती पुन्हा आली. या वेळी मी वर बघितलंसुद्धा नाही. म्हणालो, "छापून आलं ते आलं, बाई. तुमची गाडी तर सुरू झाली ना? मंग?"

ती म्हणाली, "गाडी सुरू झाली, खरंय. पण माझी पोर इच्चारून राह्यली, पेपरात लिव्हलेलं खोटं असतं का म्हणून. तिला काय सांगू?"

मी परत लिहायला लागलो. ती जिना उतरून गेली.

हे मी विसरलो होतो असं म्हणालो तर तेही खोटं होईल. मी विसरलो नव्हतो, नजर वळवायला शिकलो होतो. अंबडच्या रस्त्याला कितीदा गेलो, पण त्या गावाच्या फाट्यावर कधी उतरलो नाही. आणि आता तीच पोर, जी आज सेवेतून निवृत्त होत आलेली नर्स आहे, आपल्या आईबद्दल खरं सांगत होती आणि लोक तिला माझंच वाक्य दाखवत होते.

मी कात्रण टाकणाऱ्याला फोन लावला आणि ती बातमी माझी होती असं सांगितलं. तो त्या सरपंचांचा नातू निघाला. तो तालुक्यात मोबाईलवर बातम्यांचं चॅनल चालवतो.

"काका, नमस्कार. तुमची बातमी लई चालून राह्यली. व्ह्यूज बघितले का?"

"ती बातमी खोटी हाय."

"खोटी म्हंजे?"

"म्हंजे बस यायच्या आधी लिव्हलेली. मी गावात आल्तोच न्हाई."

"काका, तब्येत बरी हाय ना?"

"तब्येत बिलकुल बरी हाय."

"न्हाई, तसं न्हाई. पण कात्रण हाय आमच्याकडं. तुमच्या आत्ताच्या बोलण्याला पुरावा काय?"

त्याचं चूक नव्हतं. मी म्हणालो, "पुरावा मीच. कोनशिला बसायच्या आधी मी गावात येतो. तू कॅमेरा लाव."

त्या दुपारी मी एका कागदावर निवेदन लिहिलं. खाडाखोड करून, नीट. मी तिथे नव्हतो, नारळ सरपंचांनी फोडला नाही, त्या बाईंच्या हस्ते फुटला, आणि या चुकीबद्दल मी जाहीर माफी मागतो. कागद चौघडी करून खिशात घातला. बायको म्हणाली, "गुडघे बघा आधी. व्हिडिओ कॉलवर बोला की, आता समदं मोबाईलवर व्हतं." मी म्हणालो, "त्या येळी बी खोलीत बसूनच केल्तं. आता जाऊन येतो."

दुसऱ्या दिवशी गाडीत कंडक्टरने कमरेच्या यंत्राची बटणं दाबली आणि मला शून्य रुपयांचं तिकीट दिलं. पंचाहत्तरी ओलांडली की एसटी माफ. शेजारी एक जण मोबाईलवर मारामारीचा सिनेमा बघत होता, आवाज अख्ख्या गाडीला. पुढे अंकुशनगरकडे निघालेले उसाचे ट्रॅक्टर रस्ता अडवून होते आणि ड्रायव्हर शांतपणे त्यांच्यामागे चालला होता. पूर्वी अशाच एसटीतून माझी पाकिटं जायची. आज मीच पाकिटासारखा चाललो होतो.

बाईंचं घर विचारावं लागलं नाही. मुलगी फाट्यावर उभी होती. मी येतोय हे नातवाने तिला सांगितलं होतं. ती मला 'काका' म्हणाली, पण हसली नाही. घरात ओट्यावर बाई बसल्या होत्या. पांढरे केस, पाठ ताठ. मागच्या भिंतीवर बुद्धाची तसबीर.

"आता आले का?" त्या म्हणाल्या.

"हौ."

"गाडी तं रोज हाय."

मी खाली बसलो. त्या दिवशी मी कुठे होतो ते त्यांना सांगितलं. बाई ऐकत होत्या. मग म्हणाल्या, "पिक्चर तरी चांगला हुता का?"

"न्हाई."

"मंग तं लईच वाईट झालं तुमचं," असं म्हणून त्या हसल्या. मुलगीही पहिल्यांदा हसली, चहा आणायला आत गेली.

मी खिशातला कागद काढला. म्हणालो, कॅमेऱ्यापुढे हे वाचणार आहे, तुम्ही आधी ऐका. वाचायला लागलो. 'नारळ या बाईंच्या हस्ते फुटला' इथपर्यंत आलो, तर त्यांनी हात वर केला.

"थांबा. नारळ कोणी फोडला?"

"तुम्ही."

"मी कामून फोडीन? आमच्यात नारळ फोडत न्हाईत. सासऱ्यानं धम्म घेतला, त्या दिसापासून या घरात नारळ फुटला न्हाई. तुम्हाला कोणी सांगितलं?"

कोणीच सांगितलं नव्हतं. मी पुन्हा तेच केलं होतं. येण्याआधी बातमी लिहून आलो होतो. तसबीर समोर होती, बौद्ध घरांत नारळ फोडत नाहीत हे मला माहीत होतं, तरी माझ्या डोक्यात बसचं स्वागत म्हटलं की नारळ आणि नारळ म्हटलं की एक हात, एवढंच होतं. आधी त्या जागी सरपंचांचा हात ठेवला, आता बाईंचा ठेवला. विचारलं तेव्हाही नव्हतं, आताही नाही. कागद मी परत खिशात घातला. म्हणालो, "मंग तुम्हीच सांगा काय झाल्तं."

"तवा बी सांगितल्तं," बाई म्हणाल्या. "तुमचा कान फोनमदी हुता."

आणि त्यांनी सांगितलं.

गावातल्या पोरी सातवीनंतर घरी बसायच्या. हायस्कूल अंबडला. तरी त्यांची पोर आणि आणखी काही जणींच्या पोरी पायी जायच्या, येताना वाटेत दिवस बुडायचा. बाई आगारात खेटे घालायला लागल्या. साहेब म्हणाले, रस्ता नाही तर गाडी कशी देऊ? "मंग रस्ता केला. आम्ही बाया रोजगार हमीवर हुतो, खडी फोडायची सवय. सुट्टीच्या दिशी सगळ्या मिळून गावाच्या रस्त्यावर मुरूम टाकला. मराठ्यांच्या बाया बी आल्त्या, उगं आमचंच नका लिहू." साहेब स्वतः येऊन रस्ता बघून गेले आणि गाडी मंजूर झाली.

"त्या दिशी गाडी बराबर टायमाला आली. सरपंच जीप घेऊन पुढाऱ्याला आणाया गेल्ते, ते आलेच न्हाईत. म्हातारे म्हणायले, थांबवा गाडी. ड्रायव्हर म्हणला, मला येळेचं बंधन हाय. कोणीतरी नारळ त्याच्या हातात दिला, त्यानं माझ्याकडं केला. म्हणला, तुमच्यामुळंच गाडी आली, बाई, तुम्ही फोडा. मी म्हणलं, दादा, आमच्यात न्हाई फोडत. अन् नारळाला येळ बी न्हाई. शाळा सुटायला आली, पोरी पायी निघतील. जल्दी गाडी फिरवा."

"मंग?"

"मंग काय. चढले. मुरूमवाल्या समद्या चढल्या. पहिलं तिकीट मी काढलं."

मुलगी चहा घेऊन दारात उभी होती. "आम्ही शाळेच्या फाटकातून निघतच हुतो, काका. समोर लाल गाडी अन् खिडकीत आई. मला वाटलं, कोणीतरी वारलं म्हणून न्यायला आली."

"नारळाचं काय झालं?" मी विचारलं.

"शिटाखाली घरंगळत हुता अंबडपर्यंत," बाई म्हणाल्या. "पुढचं ड्रायव्हरला माहीत."

नातू आम्हाला नव्या बसथांब्यापाशी भेटला. कोनशिला गोणपाटात गुंडाळून भिंतीला टेकवलेली होती. त्याने तिपाईवर मोबाईल लावला, माझ्या कॉलरला बारकासा माईक अडकवला आणि हळूच म्हणाला, "काका, ते पिक्चरचं नका सांगू. लोक हसतील."

"हसू दे."

"अन् माझ्या आजोबांचं?"

मी त्याला खरं ते सांगितलं. त्याच्या आजोबांनी मला असं लिही म्हणून कधी सांगितलं नव्हतं. ते पत्रिकेवर होतं आणि मी उतरवलं. वाचून ते गप्प राहिले, त्यांचा वाटा एवढाच. बाकीचा माझा. त्याने मोबाईल चालू केला.

कागद मी काढला नाही. कॅमेऱ्याकडे बघून एवढंच बोललो की ही बातमी मी लिहिली आणि बस येण्याआधी लिहिली. मी इथे नव्हतो, जालन्याला सिनेमा बघत होतो. या बाई माझ्याकडे दोनदा सांगायला आल्या आणि मी ऐकलं नाही. पेपरात छापलेलं खोटं असतं का, असं यांच्या मुलीने विचारलं होतं. हो, असतं. ते मी छापलं होतं. त्या दिवशी काय झालं ते आता या सांगतील. मग मी बाजूला सरकलो आणि माईक काढून बाईंच्या पदराला लावला.

बाई बराच वेळ बोलल्या. मुरूम टाकणाऱ्या बायांची नावं त्यांनी एकेक करून घेतली. हयात कोण, वारली कोण, तेही सांगितलं. नातू मध्ये काहीतरी विचारणार होता, पण थांबला.

त्याने तो व्हिडिओ चॅनलवर टाकला. वर 'धक्कादायक' असं लिहिलं, ते मला आवडलं नाही, पण त्याने काही कापलं नाही. माझ्या नावाने बरंच काही लिहून आलं. एकाने विचारलं की असल्या आणखी किती बातम्या लिहिल्यात? प्रश्न बरोबर आहे. उत्तर असं आहे की पुष्कळ लिहिल्या, आणि त्यातल्या कोणाचं काय बुडालं ते मला माहीत नाही. ज्यांना माहीत असेल त्यांनी सांगावं, मी येईन. गटावर मुलीने तोच व्हिडिओ टाकला, खाली एक शब्दही लिहिला नाही. हसरे चेहरे आले नाहीत.

कोनशिलेचं काय करायचं, यावर ग्रामपंचायतीत वाद चालू आहे. एक बाजू म्हणते, कोरलेला दगड वाया घालवायचा नाही. बाई म्हणतात, माझं नाव नको, लिहायचंच तर समद्या बायांची लिहा, न्हाई तर कोरा ठेवा. नातू कोणत्या बाजूला आहे ते कळत नाही. उद्घाटन याच आठवड्यात आहे. निमंत्रणपत्रिका मला मोबाईलवर आली आहे, तिच्यावर कोणाकोणाच्या शुभहस्ते ते छापलेलं आहे.

बायको म्हणाली, "तुमचा लेख व्हईल की त्याच्यावर. लिहून टाका."

"अजून झालं न्हाई ते."

"मंग?"

मी पिशवीत पाण्याची बाटली आणि गुडघ्यांची गोळी ठेवली आहे. त्या दिवशी सकाळच्या गाडीने जाईन आणि दगडावरचं गोणपाट निघेपर्यंत तिथेच उभा राहीन. तोवर त्याबद्दल एक ओळही लिहिणार नाही. पाकीट चुकलं तर चुकू दे.